रामेश्वरची वाट

मराठी माणसाला रामेश्वर आधी गाव म्हणून कळत नाही, अंतर म्हणून कळतं. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असं आपण म्हणतो तेव्हा समुद्र, गोपुर, ज्योतिर्लिंग यातलं काहीच डोळ्यांपुढे नसतं. लांब, फार लांब, एवढाच अर्थ मनात असतो. आमच्या देवघरात तांब्याचा एक झाळलेला गडू होता. पणजोबांनी काशीहून त्यात गंगा भरून आणली होती. ती रामेश्वरला न्यायची राहून गेली आणि गडू तीन पिढ्या देवांशेजारी बसून राहिला. काशी झाली, मावंदंही घातलं गेलं, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या लेखी ती यात्रा अर्धीच होती.

६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीला, पांबनच्या समुद्रावरचा नवा रेल्वेपूल सुरू झाला आणि सव्वादोन वर्षांच्या खंडानंतर गाडी पुन्हा थेट रामेश्वरच्या स्टेशनात जाऊ लागली. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी चार दिवसांत उरकणाऱ्या सहलींची आता पुन्हा गर्दी आहे. या सहलींत रामेश्वरच्या वाट्याला एक रात्र येते: पहाटे स्फटिकलिंगाचं दर्शन, मग बावीस विहिरींची आंघोळ, दुपारी धनुष्कोडी. देऊळ बघून होतं. पण या गावाचा इतिहास देवळापेक्षा तिथवर पोचायच्या वाटेत जास्त आहे. ती वाट कुणी राखली, वाटेवर जेवू कुणी घातलं, ती कुणी तोडली आणि कुणी जोडली, हे कळलं की देवळाचा आकारसुद्धा वेगळा दिसू लागतो.

आधी भूगोल. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्याचं टोक मंडपम गावाशी संपतं. मग दोनेक किलोमीटर उथळ समुद्र, आणि पलीकडे पांबनचं बेट. उत्तरेला पाल्कची सामुद्रधुनी, दक्षिणेला मन्नारचं आखात. बेटाच्या पूर्व अंगाला रामेश्वर गाव. तिथून आग्नेयेला वाळूची एक चिंचोळी पट्टी धनुष्कोडीपर्यंत जाते आणि पुढे श्रीलंकेतल्या तलैमन्नारपर्यंत वाळूच्या उथळ्यांची रांग: आपला रामसेतू, इंग्रजी नकाशांतला ॲडम्स ब्रिज. बेट वाळूचं आणि प्रवाळाचं. भातशेती जवळजवळ नाहीच, देऊळ बांधण्याजोगा कातळ नाही. आज जे प्रचंड देऊळ तिथे उभं आहे त्याचे काळे दगड मुख्य भूमीवरून होड्यांतून आणावे लागले. गोडं पाणी मात्र आहे. वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने त्यावर तरंगत राहतं आणि उथळ विहिरींना लागतं. समुद्रापासून शे-दोनशे पावलांवर, देवळाच्या आवारात, बावीस तीर्थं आहेत. त्यांच्या पाण्याचा चमत्कार सांगणारे गाइड हे सांगत नाहीत, आणि त्यांनी का सांगावं!

कथा सगळ्यांना ठाऊक असते: रावणवधाचं पाप फेडायला रामाने इथे शिवलिंग स्थापलं. पण वाल्मीकींच्या रामायणात ही कथा अशी नाही. युद्धकांडात पुष्पक विमानातून परतताना राम सीतेला सेतू दाखवतो आणि इथे महादेवाची कृपा झाली असा ओझरता उल्लेख येतो, तेवढाच. लिंगस्थापनेची सविस्तर कथा स्कंदपुराणातल्या सेतुमाहात्म्याची. राम मारुतीला कैलासावरून लिंग आणायला पाठवतो, मुहूर्त टळायला लागतो, तेव्हा सीता वाळूचं लिंग करते आणि त्याचीच स्थापना होते. मारुती येतो, रुसतो, वाळूचं लिंग शेपटीने उपटायला बघतो, ते हलत नाही. मग राम त्याची समजूत काढतो: तू आणलेल्या विश्वलिंगाची पूजा आधी होईल, या रामलिंगाची नंतर. आजही क्रम तोच आहे. लांबून आणलेल्याला आधी मान, जागचं नंतर. मला ही कथा रुसव्याची वाटत नाही. ज्या गावाचं सगळंच लांबून आलं, दगड, तांदूळ, गंगेचं पाणी आणि भक्तही, त्या गावाने आपला शिष्टाचार इथे मांडून ठेवला आहे.

सातव्या शतकात अप्पर आणि संबंदर या शैव संतकवींनी इथल्या शिवावर तमिळ पदं गायली. म्हणजे तेव्हा हे स्थान प्रसिद्ध होतं. देऊळ आजच्यासारखं नव्हतं, इतकंच. आणि मग एक उल्लेख असा येतो की आपल्याला दचकायला होतं. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने इ.स. ९५९ मध्ये दिलेले ताम्रपट आपल्या कऱ्हाडला सापडले. त्याचा तळ तेव्हा तमिळ प्रदेशात मेलपाडीला होता. चोळांचा पाडाव केल्याचं सांगून त्यात पुढे रामेश्वरला कीर्तिस्तंभ उभारल्याचा दाखला आहे. हे रामेश्वर नेमकं कोणतं यावर अभ्यासकांनी वाद घातले आहेत. वाद राहू दे. दहाव्या शतकात दख्खनच्या राजाला आपल्या दिग्विजयाची हद्द सांगायची झाली तर तोंडी नाव येतं ते रामेश्वराचं, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. म्हणीतलं ‘लांब’ किती जुनं आहे ते यावरून कळतं.

पलीकडच्या किनाऱ्यावरून पाहिलं तर रामेश्वर लांब नव्हतंच, दाराशी होतं. बाराव्या शतकात सिंहली राजा पहिला पराक्रमबाहू याच्या सेनापतीने मदुराईच्या पांड्य राजांच्या भांडणात उडी घेतली ती इथेच उतरून. त्यानंतरच्या निश्शंकमल्लाने रामेश्वरला स्वतःच्या नावाचं निश्शंकेश्वर देऊळ बांधल्याचं त्याचे लेख सांगतात. जाफन्याचे आर्यचक्रवर्ती राजे स्वतःला सेतूचे रक्षक म्हणवत आणि त्यांच्या नाण्यांवर ‘सेतु’ ही अक्षरं असत. गाभाऱ्याचे दगड त्रिंकोमालीहून जाफन्याच्या राजाने पाठवले अशी परंपरा आहे. आज मधल्या समुद्रात दोन देशांची हद्द आणि नौदलाच्या गस्ती आहेत; तेव्हा ती एकाच प्रदेशाची मधली खाडी होती.

‘सेतूचा रक्षक’ ही पदवी पुढे भारताच्या बाजूला ज्यांनी मिरवली ते रामनाथपुरमचे सेतुपती. जातीने मरवर, म्हणजे लढाऊ, आणि त्या काळच्या भाषेत सांगायचं तर वाटमारीसाठीही नावाजलेले. विजयनगरचा जोर ओसरला, मदुराईचे नायक स्वतंत्रपणे वागू लागले आणि रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरू लुटले जाऊ लागले. १७व्या शतकाच्या सुरुवातीला, १६०५च्या आसपास, मदुराईच्या मुत्तुकृष्णप्प नायकाने सडैक्क तेवर या मरवर सरदाराला सेतुपती म्हणून बसवलं. काम एकच: वाट निर्धोक ठेव. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं आपण म्हणू. पण हा शहाणपणाचा तोडगा होता, कारण रानातली प्रत्येक आडवाट त्याच माणसांना ठाऊक होती.

राजाचा अधिकार वाटेवर उभा होता याचा पुरावा त्याच शतकात मिळाला. दुसऱ्या सडैक्कन सेतुपतीचं मदुराईशी बिनसलं. तिरुमल नायकाचा दळवी, म्हणजे सेनापती, रामप्पय्या फौज घेऊन आला. सेतुपती बेटावर जाऊन बसला तेव्हा दळव्याने पांबनच्या खाडीत भराव टाकून वाट केली. रामानंतर इथे सेतू बांधणारा हा दुसरा, तोही देव सोडवायला नव्हे तर देवाचा राखणदार धरायला. सेतुपती कैद झाला. पण त्याच्यामागे वाटेवर पुन्हा लूटमार माजली, बैरागी-यात्रेकरूंचे जथे मदुराईला गाऱ्हाणी घेऊन गेले आणि नायकाने त्याला सोडून दिलं, असं त्या काळच्या हकिकती सांगतात. राजाला यात्रेकरूंनी तुरुंगातून सोडवल्याचं उदाहरण दुसरं कुठे असेल तर मला वाचायला आवडेल.

यात्रेकरूही हे नातं पाळत. सेतुस्नान झालं की परतताना सेतुपतीचं दर्शन घ्यायचं, मग यात्रा पुरी, असा प्रघात होता. किलवन सेतुपतीने राजधानी पोगलूरहून रामनाथपुरमला हलवली. जुनी यात्रा उप्पूरच्या गणपतीपासून सुरू होई. मग देवीपट्टिणमच्या समुद्रातले नवपाषाण, तिरुप्पुल्लाणी, सेतुकरै, आणि नंतर बेट. आजच्या बसगाड्या हे सगळं वगळून थेट पुलावर चढतात.

आता देऊळ. सेतुपतींनी ते दीड-दोनशे वर्षं बांधत नेलं. तिरुमलै रघुनाथ सेतुपतीने १७व्या शतकात दुसऱ्या प्राकाराचं, म्हणजे देवळाभोवतीच्या खांबांच्या पडवीचं, काम केलं, आणि बाहेरचा तिसरा प्राकार, ज्याची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, तो १८व्या शतकातला. मुत्तुरामलिंग सेतुपतीच्या कारकिर्दीत तो पुरा झाला. पूर्व-पश्चिम अंगांना सुमारे ४०० फूट, उत्तर-दक्षिण अंगांना सुमारे ६४० फूट, उंची २२ फुटांवर, खांब १२१२. आतले-बाहेरचे सगळे धरून या पडव्यांची लांबी ३८५० फुटांवर भरते. खांब जोत्यावर दुतर्फा उभे आहेत आणि मधून सरळ रस्ता जातो.

जेम्स फर्ग्युसनने १९व्या शतकात भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिताना या देवळाबद्दल मोठी अडचणीत टाकणारी गोष्ट नोंदवली: द्राविड शैलीची सगळी सौंदर्यं आणि तिचे सगळे ठळक दोष एकाच देवळात दाखवायचे असतील तर निवड रामेश्वरचीच करावी लागेल. त्याचा आक्षेप असा की सगळा डामडौल बाहेरच्या पडव्यांत आणि मधलं मूळ देऊळ मात्र क्षुद्र. आक्षेप खरा आहे. तंजावरच्या बृहदीश्वराचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, जसं सगळ्या देवळावर राज्य करतं तसं इथे काही नाही. पण फर्ग्युसन देवळाकडे इमारत म्हणून पाहत होता. शेकडो कोस चालून आलेल्या माणसाच्या अंगाने पाहिलं तर ही इमारत नव्हेच, रस्ता आहे. उन्हातान्हातली वाट शेवटी सावलीत आणून चार वेळा फिरवली आहे, एवढंच. पूर्वेचं मोठं गोपुर शतकानुशतकं अर्धवट होतं. ते देवकोट्टईच्या एका चेट्टियार घराण्याने १९०४च्या सुमारास पुरं केलं, आणि खरं सांगायचं तर पडव्यांपुढे त्याची आठवण राहत नाही.

बावीस तीर्थांची आंघोळही चालण्याचीच. आधी अग्नितीर्थ म्हणजे समुद्र, मग ओल्या कपड्यांनी विहिरीमागून विहीर. कठड्यावर उभा असलेला माणूस दोरीने बादली ओढतो आणि भसकन डोक्यावर ओततो. शेवटी कोटितीर्थ, कोरडे कपडे, दर्शन. विहिरींची नावं वाचत जावं: नल, नील, गवय या वानरांच्या नावाच्या विहिरी आहेत, आणि गंगा, यमुना, गया याही आहेत. ज्याला काशी घडली नाही त्याची सोय देवळातच करून ठेवली आहे. पणजोबांना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

गाभाऱ्याशी आलं की आपल्या कानांना काहीतरी ओळखीचं लागतं. तमिळनाडूतल्या बहुतेक शिवमंदिरांत तमिळ शिवाचार्य गुरुक्कळ पूजा करतात. रामेश्वरला ही पूजा मूळ महाराष्ट्रातून आलेल्या ब्राह्मण घराण्यांकडे आहे आणि त्यांना दीक्षा शृंगेरी मठाकडून घ्यावी लागते. पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेले हे लोक बोलण्या-वागण्यात तमिळच, पण मुळं आपल्याकडची.

मराठी मुलखातून रामेश्वरला जाणं ही एका फेरीची अर्धी बाजू होती. शास्त्रशुद्ध क्रम असा: सेतूवर वाळूच्या पिंडी करून पूजायच्या, त्यातली वाळू बांधून घ्यायची, ती प्रयागला त्रिवेणीत सोडायची, काशी-गया करून गंगा भरायची आणि ती परत रामेश्वरला आणून रामनाथाला अभिषेक करायचा. तेव्हा फेरी मिटली. काशीहून निघालेली कावड आणि वाळवंटात तडफडणारं गाढव ही एकनाथांची गोष्ट आपण शाळेत दयेची गोष्ट म्हणून शिकलो. कावडीचं पाणी म्हणजे किती महिन्यांची पायपीट हे लक्षात घेतलं तर नाथांनी त्या गाढवाच्या तोंडात नेमकं काय ओतलं ते कळतं. बरोबरच्या यात्रेकरूंचा जीव वरखाली झाला यात नवल नाही. अहिल्याबाई होळकरांनी १८व्या शतकात ही कावड संस्थानी खर्चातच घातली: दक्षिणेतल्या देवळांना गंगा नेमाने पोचवायची व्यवस्था केली आणि रामेश्वरला धर्मशाळा नि विहीर बांधली.

पण या वाटेवर मराठ्यांनी केलेलं सर्वांत मोठं काम तंजावरचं आहे, आणि महाराष्ट्रात ते फारसं कुणाला माहीत नाही. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतलं. काशीहून येणारी वाट कावेरीच्या खोऱ्यातून किनाऱ्याकिनाऱ्याने सेतूकडे जाते, म्हणजे ती तंजावरकर भोसल्यांच्या मुलखातूनच जायची. त्या वाटेवर त्यांनी छत्रं बांधली. तमिळमध्ये चत्तिरम, आपलं अन्नछत्र. बहुतेक छत्रं राजघराण्यातल्या बायकांच्या नावाने: नीडामंगलमचं यमुनांबाळपुरम, मग राजकुमारांबापुरम, द्रौपदांबापुरम, मीनांबाळपुरम, आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडूला १८०२च्या सुमारास बांधलेलं मुक्तांबाळ छत्र. मुक्तांबा ही राजांची लग्नाची राणी नव्हती. तिची शेवटची इच्छा म्हणून हे छत्र झालं असं सांगतात.

छत्रात काय चाले हे सरफोजींनीच लिहून ठेवलं आहे. कंपनी सरकार राज्य गिळत होतं. छत्रांची गावं आणि उत्पन्न तरी आपल्या हाती राहावं म्हणून त्यांनी १८०१च्या जानेवारीत इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र घातलं. ब्राह्मणापासून परैयापर्यंत येईल त्या वाटसरूला, जोगी, जंगम, अतीत, बैरागी सगळ्यांना शिजवलेला भात. जे शिजवलेलं खात नाहीत त्यांना कोरडा शिधा. आजारी पडला तर औषध आणि वैद्य, बरा होईतो मुक्काम. वाटेत मेला तर त्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे क्रियाकर्म. गरोदर बाईचं बाळंतपण. पोरक्या मुलांना अन्न आणि शाळा. अर्जाचा मजकूर आहे, त्यामुळे तो रंगवून लिहिला असणार हे धरून चालू. तरीसुद्धा यात जे मागितलंय ते बघा: राज्य जात असताना राजा तोफा मागत नाही, छत्रं मागतो. ती त्याच्याकडे राहिली.

याच भोसल्यांनी सेतुपतींशी लढायाही केल्या, हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र फार गोड होईल. १८व्या शतकात रामनाथपुरमच्या गादीच्या भांडणात तंजावरने फौजा पाठवून उत्तरेकडचा मुलूख मिळवला. तुळजाजीराजांनी १७७१ मध्ये पुन्हा स्वारी केली. पुढच्याच वर्षी अर्काटच्या नबाबाने आणि इंग्रजांनी मिळून रामनाथपुरम घेतलं आणि लहानग्या मुत्तुरामलिंग सेतुपतीला आईसकट तिरुचिरापल्लीत कैदेत टाकलं. पुढे तो सुटला, राज्यावर बसला, प्राकार पुरा केला. आणि १७९५ मध्ये कंपनीने त्याला पदच्युत करून पुन्हा तुरुंगात घातलं. तिथेच १८०९ मध्ये तो मेला. जगभर जिचे फोटो जातात ती पडवी पुरी करणाऱ्या राजाचा शेवट असा झाला, हे तिथे उभं राहून कुणी सांगत नाही. १८०३च्या कायमधाऱ्याने सेतुपती जमीनदार झाले. त्यातल्या भास्कर सेतुपतींचं नाव विवेकानंदांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या शिकागोच्या प्रवासाला सेतुपतींचा मोठा पाठिंबा होता. परतताना स्वामी २६ जानेवारी १८९७ रोजी पांबनला उतरले आणि दुसऱ्या दिवशी रामेश्वरच्या देवळात बोलले.

मग आगगाडी आली आणि वाटेचा अर्थच बदलला. १९०२ मध्ये रूळ मंडपमला पोचले. इंग्रजांना रामेश्वर नको होतं, श्रीलंका हवी होती: मळ्यांना मजूर आणि बाजारपेठेला माल. मंडपमला मजुरांची छावणी होती. तिथे तपासणी आणि विलगीकरण करून तमिळ मजूर पलीकडे पाठवले जात. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पांबनचा रेल्वेपूल सुरू झाला: लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त, खाली १४३ खांब, आणि मधोमध शेर्झर पद्धतीचा उघडणारा गाळा. जहाज आलं की माणसं हाताने दांडे फिरवून तो गाळा दोन्हीकडे वर उचलत. मद्रासच्या एगमोरहून सुटलेली ‘बोट मेल’ धनुष्कोडीपर्यंत जाई, तिथे धक्क्यावर आगबोट लागलेली असे आणि ती प्रवाशांना तलैमन्नारला सोडी. पुढे कोलंबोची गाडी. धनुष्कोडीला स्टेशन, कस्टम, टपाल कचेरी, शाळा, चर्च असं नांदतं बंदर उभं राहिलं. रामेश्वर मात्र या वाटेवरचं आडवळणाचं स्टेशन झालं.

यात्रेकरू रामेश्वरहून धनुष्कोडीला होडीनेही जात. त्या होड्यांपैकी एक जैनुलाब्दीन नावाच्या नावाड्याची होती. १५ ऑक्टोबर १९३१ रोजी त्यांच्या घरी जन्मलेला मुलगा पुढे राष्ट्रपती झाला. अब्दुल कलामांचं घर देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हिंदू यात्रेकरूंना मुसलमान नावाडी सेतूला न्यायचा, यात तेव्हा कुणाला सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

१९६४चा डिसेंबर. बंगालच्या उपसागरात अंदमानच्या दक्षिणेला उठलेलं वादळ श्रीलंकेचा उत्तर भाग तुडवून २२ तारखेच्या रात्री पाल्कच्या सामुद्रधुनीत आलं. पांबनहून धनुष्कोडीची ६५३ नंबरची पॅसेंजर मध्यरात्रीला पाचेक मिनिटं असताना सुटली. सहा डबे. नोंदीप्रमाणे ११० प्रवासी आणि पाच रेल्वे कर्मचारी. विनातिकीट किती होते याचा हिशेब नाही. धनुष्कोडी जवळ आलं आणि सिग्नल मिळेना. ड्रायव्हरने वाट पाहिली, शिट्टी दिली आणि काळोखात गाडी पुढे काढली. वीसेक फुटांहून उंच लाट आली आणि अख्खी गाडी घेऊन गेली. एकही जण वाचला नाही. धनुष्कोडी गाव त्याच रात्री संपलं. एकूण बळी १८००च्या घरात सांगितले जातात. पाणी रामेश्वरच्या देवळापाशी येऊन थांबलं आणि आत शेकडो माणसं आसऱ्याला होती, हे त्या भागात आजही सांगतात. मद्रास सरकारने धनुष्कोडी राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर केलं. वाळूच्या पट्टीवर पडक्या चर्चच्या भिंती, स्टेशनच्या कमानी आणि पाण्याची टाकी उभी आहे. विभीषणाला जिथे राज्याभिषेक झाला असं मानतात ते कोदंडरामाचं देऊळ मात्र टिकलं.

पांबनच्या पुलाचे सव्वाशेच्या आसपास गर्डर समुद्रात गेले होते. मधला उघडणारा गाळा शाबूत होता. दुरुस्तीचं काम आलं ई. श्रीधरन नावाच्या बत्तीस वर्षांच्या इंजिनिअरकडे. मुदत तीन महिन्यांची. त्यांनी मच्छीमारांच्या मदतीने बुडालेले गर्डर शोधून वर काढले, तेच पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत गाडी सुरू केली. पंचवीस वर्षांनी हाच माणूस आपल्याकडे कोकण रेल्वे बांधायला आला. कोकणकन्येत खिडकीशी बसून जाणाऱ्याने पांबनचे थोडे आभार मानायला हरकत नाही.

धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र पुन्हा झाला नाही. लंकेची बोट रामेश्वरहून सुटू लागली आणि पलीकडे यादवी पेटल्यावर, १९८०च्या दशकात, तीही थांबली. त्या दिवसापासून रामेश्वर खऱ्या अर्थाने वाटेचा शेवट झालं. हजार वर्षं तसं ते नव्हतं. पुढे सेतूवरून जहाजांसाठी कालवा खणायचा की नाही यावर भांडण झालं. २००५ मध्ये मुहूर्त झालेला तो प्रकल्प कोर्टात अडकला आणि थंडावला. मधल्या समुद्रातलं कच्चतीवू बेट १९७४ मध्ये श्रीलंकेला गेल्यापासून इथल्या मच्छीमारांच्या होड्या धरल्या जातात, सुटतात, पुन्हा धरल्या जातात. देवळाच्या रस्त्यावर याची चाहूल लागत नाही. सकाळी बंदरावर गेलं तर लागते.

मोटारींसाठीचा पूल २ ऑक्टोबर १९८८ रोजी खुला झाला. अरिचलमुनईपर्यंत, म्हणजे जिथे जमीन संपते तिथवर, डांबरी रस्ता २०१७ मध्ये झाला. त्याआधी वाळूतून जीपगाड्या धडपडत जात. जुन्या रेल्वेपुलाला खाऱ्या वाऱ्याने पोखरलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या बंद केल्या. शेजारी झालेल्या नव्या पुलाला १८.३ मीटरचे ९९ गाळे आहेत आणि मधला ७२.५ मीटरचा गाळा लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर उचलला जातो, यंत्राने. हाताने दांडे फिरवणाऱ्या माणसांचं काम संपलं.

सहली मदुराईकडून येतात, त्यामुळे तंजावरकरांची छत्रांची वाट एका बाजूला पडली आहे. हाताशी एक दिवस जास्त असेल तर रामेश्वरहून परतताना किनाऱ्याकिनाऱ्याने पट्टुक्कोट्टईमार्गे तंजावरला यावं. तंजावरच्या अलीकडे वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडू लागतं. मुक्तांबाळ छत्राची वास्तू रस्त्यालगत आहे. जोत्यावर रथ ओढणारे दगडी घोडे आणि हत्ती आहेत. आत अन्न शिजत नाही, पूर्वी मुलांची शाळा भरायची. बसमधून डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बघत राहावं लागतं, कारण कंडक्टरला ‘छत्र’ म्हटलेलं कळत नाही. ‘चत्तिरम’ म्हणावं.